४० मिनिटांत कवितेचं विवेचन: मुलं अर्थ सांगतात, विश्लेषण राहून जातं

समासरेषा

नमस्कार मंडळी. १६-१७ वर्षांच्या मुलांना साहित्य शिकवते. परीक्षेत अपठित कविता किंवा गद्य उतारा येतो आणि त्यावर ४० मिनिटांत विवेचनात्मक निबंध लिहायचा असतो. प्रश्न साधारण असा असतो: ‘कवितेतील शब्दयोजना आणि रचना यांतून अमुक भाव कसा व्यक्त होतो?’

तोंडी चर्चेत हीच मुलं नेमकं बोलतात. घड्याळ लावून कागद दिला की मात्र पहिलं अख्खं पान कवितेचा सरळ अर्थ सांगण्यात जातं. अलंकार बरोबर ओळखतात, नाव लिहितात आणि पुढे ‘त्यामुळे कवितेचे सौंदर्य वाढले आहे’ असं लिहून मोकळे होतात. प्रस्तावना ऐसपैस होते आणि शेवटचा मुद्दा अर्ध्या वाक्यात तुटतो.

वर्गात ३२ मुलं आहेत. दर आठवड्याला एक पूर्ण निबंध लिहून घेते, प्रत्येकावर सविस्तर शेरे देते. पुढच्या आठवड्यात त्याच चुका परत दिसतात. सरावाची पद्धत चुकते आहे की तपासण्याची? वेळ कसा वाटून द्यावा? नेमकं काय करता ते सांगा.

शाईचा_ठसा

समासरेषा, दर आठवड्याचा पूर्ण निबंध आधी थांबवा, निदान पाच आठवडे. पूर्ण निबंधात मुलाला एकाच वेळी पाच कामं करावी लागतात: अर्थ लावणं, भूमिका ठरवणं, पुरावा निवडणं, त्या पुराव्याचा उलगडा करणं आणि हे सगळं धड भाषेत उतरवणं. घड्याळ लागलं की यातलं जे काम सर्वांत कच्चं ते आधी गळतं, आणि ते बहुतेक वेळा उलगड्याचं असतं. सरळ अर्थ सांगायची सवय लहानपणापासूनची, त्यामुळे हात आपसूक तिकडे वळतो. असे दहा निबंध लिहून घेतले तर तीच सवय दहा वेळा पक्की होते.

म्हणून आधी फक्त उलगडा. १२ मिनिटं, पाच ओळी, एकच परिच्छेद. सरावासाठी रचलेल्या या ओळी फळ्यावर आहेत असं समजा:

आजीच्या खोलीत आता
घड्याळ तेवढं चालतं.
किल्ली द्यायला रोज कुणी ना कुणी
दार ढकलून आत येतं
आणि वेळ न बघताच जातं.

प्रश्न: या ओळींतून आजीचं नसणं कसं जाणवतं?

नेहमी येणारं उत्तर असं असतं:

‘या ओळींत कवीने आजीच्या खोलीचे हृदयस्पर्शी वर्णन केले आहे. आजीच्या खोलीत आता फक्त घड्याळ चालते. घरातील माणसे रोज येऊन घड्याळाला किल्ली देतात. घड्याळ ही प्रतिमा कवीने प्रभावीपणे वापरली आहे, त्यामुळे कवितेला उंची प्राप्त झाली आहे.’

पहिलं आणि चौथं वाक्य कुठल्याही कवितेला चिकटवता येईल. दुसरं आणि तिसरं म्हणजे त्याच ओळी पुन्हा लिहिल्या आहेत. ‘कसं’ या शब्दाचं उत्तर चारही वाक्यांत नाही.

आता हे पाहा:

‘आजी नाही, असं या ओळी कुठेही म्हणत नाहीत, ‘तेवढं’ हा एकच शब्द ते सांगून जातो. घड्याळ तेवढं चालतं म्हणजे खोलीतलं बाकी सगळं थांबलं आहे, आणि काय काय थांबलं याची यादी वाचकाने मनात करायची आहे. घरचे ते घड्याळ जपतात, पण जपणारं माणूस ‘कुणी ना कुणी’ आहे: काम रोज होतं, ते कुणा एकाचं मात्र नाही. ‘येतं’ आणि ‘जातं’ ही नपुंसकलिंगी रूपं त्या माणसाची उरलीसुरली ओळखही पुसतात. शेवटच्या ओळीत ते ‘वेळ न बघताच’ निघून जातं. म्हणजे किल्ली देण्यामागे वेळ कळावी ही गरज नाहीच. खोलीतली एक हालचाल बंद पडू नये, एवढ्यासाठी ती दिली जाते.’

अलंकाराचं एकही नाव न घेता हा परिच्छेद पहिल्यापेक्षा कितीतरी पुढे गेला आहे, कारण प्रत्येक वाक्य एखाद्या शब्दाला धरून आहे आणि तो शब्द काय करतो ते सांगतं. दोन्ही परिच्छेद मुलांसमोर शेजारी शेजारी ठेवा आणि फरक त्यांनाच शोधू द्या.

१२ मिनिटांची वाटणी: ३ मिनिटं वाचून तीनच शब्द अधोरेखित करायचे, १ मिनिटात आपलं म्हणणं एका वाक्यात, ७ मिनिटं लेखन, १ मिनिट परत वाचणं. तीनच शब्द ही अट सोडू नका. सगळी कविता अधोरेखित करणाऱ्या मुलाने खरं तर काहीच निवडलेलं नसतं.

आणि पहिले दोन आठवडे काही शब्दप्रयोगांवर सरळ बंदी घाला: ‘सुंदर वर्णन केले आहे’, ‘प्रभावी वापर केला आहे’, ‘सौंदर्य वाढले आहे’, ‘हृदयस्पर्शी’, ‘वाचकाच्या मनाला भिडते’. हे टेकू काढले की वाक्य अडतं आणि मुलाला खरं क्रियापद शोधावं लागतं. भिंतीवर क्रियापदं लावून ठेवा: सुचवतो, लपवतो, लांबवतो, रोखतो, मोघम ठेवतो, उलटवतो, खोडून काढतो, जवळ आणतो, पुन्हा आठवून देतो. ‘कवीने पुनरुक्तीचा वापर केला आहे’ या वाक्यापुढे जायला वाटच नसते. ‘पुनरुक्ती इथे कबुली लांबवते’ असं लिहिलं की पुढचं वाक्य आपोआप ‘कारण’ने सुरू होतं.

पुढचा क्रम साधारण असा ठेवा. दोन आठवडे, आठवड्यातून दोनदा, वरच्यासारखे परिच्छेद. तिसऱ्या आठवड्यात फक्त भूमिकावाक्यं, म्हणजे कवितेबद्दलचं आपलं म्हणणं एका वाक्यात: तीन छोट्या कविता, प्रत्येकीला ५ मिनिटं, लिहायचं एकच वाक्य. चौथ्यात वाचन आणि आराखडा, बाकी लेखन नाही. पाचव्यात २२ मिनिटांत प्रस्तावना आणि एक परिच्छेद. सहाव्यात पूर्ण निबंध.

भूमिकावाक्याची एक सोपी कसोटी आहे. ते ऐकून ‘कशावरून?’ असं विचारावंसं वाटलं पाहिजे. ‘या कवितेत आजीच्या आठवणी सांगितल्या आहेत’ याला कुणी काही विचारणार नाही. ‘घरच्यांचं दुःख या ओळी बोलून दाखवत नाहीत, रोजच्या एका किरकोळ कामात दडवून ठेवतात’ याला लगेच ‘कशावरून?’ विचारता येतं, आणि त्याचं उत्तर म्हणजेच निबंध.

तिसरा_बाक

वरच्या सगळ्याला दुजोरा. मी फक्त वेळेचं गणित घेतो.

मुलांचा लेखनवेग मोजला आहे का? तो मोजल्याशिवाय ४० मिनिटांची कुठलीच वाटणी टिकत नाही. मजकूर बघून उतरवायला लावून मोजू नका, त्यात विचार करावा लागत नाही म्हणून आकडा फुगतो. वर्गात चर्चा झालेल्या कवितेवर १० मिनिटं सलग लिहायला सांगा, शब्द मोजा, १० ने भागा. प्रत्येक मुलाने आपला आकडा वहीच्या आतल्या बाजूला लिहून ठेवायचा.

समजा एखादीचा वेग मिनिटाला १२ शब्द आहे. ४० मिनिटं अशी वाटा: ८ वाचन, ५ आराखडा, २५ लेखन, २ तपासणी. २५ मिनिटांत तिचे ३०० शब्द होतात. त्यातले ४० प्रस्तावनेला, ३० शेवटाला, उरले २३०. दोन मुद्दे घेतले तर प्रत्येकाला ११५ शब्द मिळतात, म्हणजे दोन अवतरणं आणि त्यांचा उलगडा नीट मावतो. तीन घेतले तर प्रत्येकी ७६-७७, आणि तेवढ्यात अवतरण देऊन अर्थ सांगितला की जागा संपते. बरीच मुलं विश्लेषणापर्यंत पोचत नाहीत याचं कारण इतकं साधं असतं: मुद्दे हाताच्या वेगापेक्षा जास्त घेतलेले असतात. मिनिटाला १६ शब्द लिहिणाऱ्याचे ४०० होतात, त्याला तीन मुद्दे परवडतात. ‘निबंधात तीन मुद्दे हवेतच’ हा नियम वर्गातून काढून टाका.

८ मिनिटं वाचनाला दिली की मुलं घाबरतात. शेजारचा लिहायला लागलेला दिसतो आणि हात शिवशिवतात. म्हणून त्या ८ मिनिटांत काय करायचं हे ठरलेलं हवं. पहिल्या २ मिनिटांत पेन खाली ठेवून, ओठ हलवत, आवाज न करता संपूर्ण वाचन. पुढची ४ मिनिटं पेन हातात घेऊन वळण शोधायचं: ‘पण’, ‘तरी’, ‘आता’, ‘मात्र’ कुठे येतात, क्रियापदाचा काळ कुठे बदलतो, ‘मी’चं ‘आपण’ कुठे होतं, एखादी ओळ अचानक आखूड कुठे होते. शेवटची २ मिनिटं प्रश्नासाठी. प्रश्नातल्या ‘काय’ भागाला गोल, ‘कसं’ भागाला चौकट. गोलाचं उत्तर भूमिकेत, चौकटीचं परिच्छेदांत.

आराखडा सहा ओळींपेक्षा मोठा नको. वरच्याच ओळींवर तो असा दिसेल:

भूमिका: दुःख बोललं जात नाही, कामात दडतं
१: ‘तेवढं’ / ‘आता’: काय थांबलं ते वाचकावर सोडलं
यातून पुढे: मग जे चालू आहे ते कोण चालवतं?
२: ‘कुणी ना कुणी’ / ‘वेळ न बघताच’: काम आहे, नजर नाही
शेवट: घड्याळाचा उपयोग संपला, तरी ते बंद पडू दिलेलं नाही

तिसरी ओळ मुलं हमखास गाळतात. तीच नसली की दोन परिच्छेद दोन वेगळ्या उत्तरांसारखे पडतात आणि ‘तसेच’, ‘त्याचप्रमाणे’ यांनी शिवावे लागतात.

परिच्छेद ‘प्रतिमा’, ‘अलंकार’, ‘भाषा’ अशा कप्प्यांनी पाडू नयेत असं माझं ठाम मत आहे. कप्प्यांमुळे तीच ओळ तीनदा येते आणि कविता कुठून कुठे सरकली हे कुठेच येत नाही. कवितेच्या चालीने जा: आधी काय उभं राहतं, वळणावर काय बदलतं.

गुण कुठे असतात तेही मुलांना दाखवा. एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट) इंग्लिश लिटरेचर या अमेरिकेतल्या शालेय विद्यार्थ्यांच्या परीक्षेचं उदाहरण घ्या. तिथे २ तासांत तीन निबंध, म्हणजे प्रत्येकी ४० मिनिटंच. एका निबंधाला ६ गुण: भूमिकेला १, पुरावा आणि त्याच्या उलगड्याला ४, विचाराच्या खोलीला १. प्रस्तावनेच्या अलंकारिकतेला एकही नाही. तुमची गुणपद्धती वेगळी असेल, पण अशी फोड करून फळ्यावर लिहिली की १० मिनिटं प्रस्तावना घोळवणाऱ्याला आपण वेळ कुठे घालवतो ते दिसतं.

समासरेषा

लेखनवेगाचं कधी डोक्यातच आलं नव्हतं. मी सरसकट तीन मुद्दे मागत होते, म्हणजे हळू लिहिणाऱ्यांना मीच अडचणीत टाकत होते.

दोन शंका. प्रस्तावनेसाठी पाच ओळी कोऱ्या सोडून आधी मुख्य परिच्छेद लिहावेत, मग प्रस्तावना, असं काही जण सुचवतात. ते बरं का? आणि त्या आजीच्या ओळींवर निम्मा वर्ग ‘आजीच्या मृत्यूचं दुःख’ असं लिहील याची मला खात्री आहे. ते चूक धरायचं की बरोबर?

अन्वयार्थ

दुसऱ्या शंकेपासून सुरू करतो, कारण सगळं दुखणं तिथे आहे.

ओळींत ‘आता’ आहे. म्हणजे आधी काही वेगळं होतं, एवढं नक्की. मृत्यूचा उल्लेख नाही. आजी दुसऱ्या गावी असेल, अंथरुणाला खिळून दुसऱ्या खोलीत हलवली असेल. ‘आजी आता त्या खोलीत नाही’ एवढंच मजकूर देतो. ‘ती गेली असावी असं वाटतं, पण ओळी ते उच्चारत नाहीत, आणि हे न उच्चारणंच खोलीत भरून राहतं’ असं लिहिणारा मुलगा पूर्ण गुणांचा. ‘आजीच्या मृत्यूमुळे घर शोकात बुडाले आहे’ असं लिहिणाऱ्याने कविता न वाचता आजी, रिकामी खोली आणि घड्याळ या तीन गोष्टींची ठरलेली बेरीज केली आहे.

या चुकीला जुनी ओळख आहे. इंग्रजी समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना कवीचं नाव न सांगता कविता वाचायला दिल्या, त्यांच्या लेखी प्रतिक्रिया गोळा केल्या आणि त्यांची छाननी १९२९ मध्ये प्रसिद्ध केली. वाचनात येणाऱ्या अडचणींची जी यादी त्यांनी केली तिच्यात पहिलीच अडचण म्हणजे कवितेचा साधा सरळ अर्थच न लागणं. पुढे साचेबंद प्रतिसादही आहेत: मजकुराने जागं करण्याआधीच मनात तयार असलेल्या भावना. घड्याळ लावलं की हे साचे आणखी लवकर हाताशी येतात, कारण ते आयते असतात.

उपाय आपल्या परंपरेतच आहे. संस्कृत काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने नवव्या शतकात वाच्य (शब्दांचा थेट अर्थ) आणि व्यंग्य (त्यातून सुचणारा अर्थ) वेगळं करून दाखवलं. तेच मुलांकडून दोन ओळींत करून घ्या. पहिली ओळ, वाच्यार्थ: ‘खोलीत घड्याळ चालू आहे, रोज कुणीतरी येऊन त्याला किल्ली देतं आणि जातं.’ यात भावनेचा एकही शब्द चालणार नाही. दुसरी ओळ, व्यंग्यार्थ: ‘माणूस नाही, पण त्याच्या वस्तूची निगा थांबलेली नाही.’ दुसऱ्या ओळीतला प्रत्येक शब्द पहिल्या ओळीतल्या कशातून निघाला ते बाण काढून दाखवायचं. ज्या शब्दाला बाण मिळत नाही तो खोडायचा. ‘मृत्यू’ला बाण मिळत नाही. वाच्यार्थाची ओळ आराखड्याच्या कागदावरच राहते, निबंधात येत नाही, आणि त्यामुळे अर्थ सांगायची ओढही तिथेच भागते. पानभर भावार्थ लिहिणाऱ्या मुलांना याचा फार उपयोग होतो.

दुसरं साधन, शब्द बदलून पाहणं. शब्द काय करतो हे मुलाला सुचत नसेल तर तो काढून त्याच्या जागी दुसरा ठेवा. ‘घड्याळ तेवढं चालतं’ याऐवजी ‘घड्याळ अजून चालतं’ असं वाचा. लगेच कळतं की ‘अजून’मध्ये आश्चर्य आहे, घड्याळ टिकल्याचं कौतुक आहे आणि लक्ष घड्याळावर आहे. ‘तेवढं’ म्हटलं की लक्ष घड्याळावरून उडून थांबलेल्या गोष्टींकडे जातं. किंवा ‘किल्ली द्यायला रोज दादा येतो’ असं करा. नाव आल्याबरोबर ते एका नातवाच्या मायेचं चित्र होतं आणि घराची वाटून घेतलेली सवय नाहीशी होते. हा फरक सांगितला की विश्लेषण झालं. शब्द, ओळींचा क्रम, काळ, वचन, विरामचिन्ह, सगळ्यावर हे चालतं. ‘चालतं’नंतरचा पूर्णविराम काढून पाहा: घड्याळ आणि किल्ली देणारं माणूस एका दमात येतात आणि खोलीतली शांतता जाते.

उलटा धोकाही सांगतो. उलगड्याची चटक लागली की मुलं अक्षरांतून काहीही काढतात. ‘स’ तीनदा आला म्हणून सापाचा फुत्कार, ‘क’ आला म्हणून कठोरपणा. ध्वनीबद्दल लिहायचं तर आधी अर्थाचा आधार हवा, मग ध्वनीची साथ. एकट्या अक्षरावर मुद्दा उभा करू देऊ नका.

आता कोऱ्या ओळींबद्दल. मला हे पटत नाही. भूमिका न लिहिता मुख्य परिच्छेद सुरू केला की तो कुठल्याही दिशेला जातो, मागाहून लिहिलेली प्रस्तावना त्याच्याशी जुळत नाही, आणि वेळ संपला तर उत्तराच्या डोक्यावरच भोक राहतं. त्यापेक्षा प्रस्तावना दोनच वाक्यांची ठेवा. पहिल्यात कवितेतला निवेदक आणि प्रसंग, दुसऱ्यात भूमिका. कवीची महती, कवितेचं जीवनातलं स्थान, ‘अनादी काळापासून मानव’ वगैरे काही नको. आराखडा झालेला असेल तर दोन वाक्यांना ३ मिनिटं पुरतात.

‘कवितेतला निवेदक’ मुद्दाम म्हटलं. ‘कवी म्हणतो’ लिहायची सवय मोडा. कवितेतला ‘मी’ हा रचलेला आवाज असतो. तो लहान मूल असेल, खोटं बोलणारा असेल, स्वतःचीच समजूत घालणारा असेल. ‘कवी दुःखी आहे’ असं लिहिलं की हे सगळं तपासायचं दारच बंद होतं.

गद्य उताऱ्याला हेच लागू आहे, फक्त नजर वेगळीकडे ठेवायची: प्रसंग कोणाच्या डोळ्यांनी दिसतो, तो माणूस कशाकडे बघायचं टाळतो, वाक्यं कुठे तुटक होतात, संवादात प्रश्नाला उत्तर न देता विषय कोण बदलतं. गद्यात गोष्ट सांगत सुटण्याचा मोह दुप्पट असतो, म्हणून पुरावे उताऱ्याच्या सुरुवातीचा एक आणि शेवटाचा एक असे सक्तीने घ्यायला लावा.

वेलांटी

अवतरणांबद्दल थोडं. मुलं दोन-दोन ओळी जशाच्या तशा उतरवतात. मिनिटाला १२ शब्दांच्या वेगाने २४ शब्दांचं अवतरण म्हणजे २ मिनिटं गेली, आणि त्या २ मिनिटांत विचार शून्य. दोन ते पाच शब्द पुरेत, आणि ते आपल्या वाक्यात गुंफलेले हवेत.

मराठीत गुंफताना प्रत्यय आडवे येतात. ‘कुणी ना कुणी’ला, ‘वेळ न बघताच’मुळे असं लिहायला गेलं की वाक्य अडखळतं, मग मुलं घाबरून पूर्ण ओळच उतरवतात. सोपी युक्ती: अवतरणानंतर एक वाहक शब्द ठेवायचा आणि प्रत्यय त्याला लावायचा. ‘तेवढं’ या शब्दाने, ‘कुणी ना कुणी’ या मोघम उल्लेखामुळे, ‘वेळ न बघताच’ या तपशिलात. वाहक शब्द निवडताना मूल नकळत त्या शब्दांचं वर्गीकरण करतं: तो उल्लेख आहे, तपशील आहे, कबुली आहे की तक्रार? ‘या ओळीतून’ऐवजी ‘या कबुलीतून’ लिहिलं की निम्मा उलगडा तिथेच झालेला असतो. पाच अवतरणं देऊन वाहक शब्द भरायचा सराव ६ मिनिटांत होतो.

शाईचा_ठसा

तपासणीचं राहिलं होतं.

३२ निबंधांवर सविस्तर शेरे म्हणजे तुमचा आठवडा गेला, आणि मूल वाचतं फक्त गुण. शेरा ज्या चुकीवर आहे ती चूक त्याने पुन्हा हाताळलीच नाही तर शेरा वाया जातो. मी चार खुणा सुचवते, समासात लिहायच्या:

गो: इथे गोष्ट किंवा अर्थ सांगितला आहे.
ना: अलंकाराचं नाव दिलं, तो काय करतो ते नाही.
कु: म्हणणं आहे, पण मजकुरात कुठे आहे?
मग: पुरावा आहे, उलगडा अर्धा आहे. मग पुढे काय?

एका निबंधावर जास्तीत जास्त सहा खुणा, शेरा एकच ओळ, आणि गुण पुनर्लेखनानंतर. पुनर्लेखन पूर्ण निबंधाचं नाही, सर्वांत जास्त खुणा पडलेल्या एकाच परिच्छेदाचं, वर्गातच, १० मिनिटांत. ‘मग’ ही खूण सर्वांत मोलाची. ती पडते तिथे मूल बरोबर वाटेवर असतं आणि एक वाक्य आधी थांबलेलं असतं.

तुमच्याकडे कागद येण्याआधी मुलांनी स्वतः रंग द्यावेत. अर्थ सांगणारी वाक्यं हिरवी, अवतरण निळं, उलगडा लाल. लाल ओळी निळ्यांच्या दुप्पट नसतील तर कागद परत. पहिल्या खेपेला पान हिरवंगार दिसतं, आणि ते त्यांचं त्यांनाच दिसतं, आपल्याला बोलावं लागत नाही. एक काळजी घ्या: ‘यातून दुःख दिसते’ अशा वाक्यालाही मुलं लाल रंग देतात. नियम सांगा की लाल वाक्यात कवितेतला एखादा नेमका शब्द आणि एखादं खरं क्रियापद, दोन्ही हवीत.

समासरेषा

खुणा उद्यापासूनच सुरू करते. शेवटचं एक विचारते. सगळं ठरवूनही एखादं मूल अडकतं आणि ७ मिनिटं उरली असताना दुसऱ्या मुद्द्याच्या सुरुवातीलाच असतं. तेव्हा त्याने काय करावं? आणि वेळेचा सराव ६० मिनिटांवरून ५०, मग ४० असा कमी करत आणावा का?

तिसरा_बाक

६०-५०-४० करायचं असेल तर कुठला वेळ कापायचा ते आधी ठरवा. नुसता एकूण वेळ कमी केला की मुलं वाचन आणि आराखडा कापतात आणि लेखन तेवढंच ठेवतात, म्हणजे नको तेच होतं. ६० मिनिटांत वाचन-आराखडा १३ आणि लेखन-तपासणी ४७. ५० मध्ये १३ आणि ३७. ४० मध्ये १३ आणि २७. पहिले १३ कायम. ती १३ मिनिटं संपेपर्यंत उत्तरपत्रिका बंद आणि आराखड्याचा कागद तेवढा समोर, असं सरावात सक्तीने करा.

७ मिनिटं उरल्यावर काय करायचं याचाही वेगळा सराव घ्या, कारण ऐन वेळी ते सुचत नाही. अर्धा निबंध तयार द्या आणि ७ मिनिटांत पुरा करायला सांगा. क्रम असा: नवीन अवतरण शोधायचं नाही, आराखड्यातल्या दुसऱ्या मुद्द्यातला एकच शब्द घ्यायचा. त्यावर तीन वाक्यं: शब्द काय करतो, कशावरून, आणि पहिल्या मुद्द्याशी त्याचं नातं काय. याला ४ मिनिटं. मग एक ओळ सोडून शेवटाची दोन वाक्यं, २ मिनिटं. उरलेल्या १ मिनिटात प्रस्तावनेतली भूमिका परत वाचायची. जो मुद्दा लिहिलाच नाही त्याचं आश्वासन तिथे दिलेलं असेल तर तेवढे शब्द एका रेघेने खोडायचे. भूमिकेत ‘शब्दयोजना, प्रतिमा आणि रचना यांतून’ असं असेल आणि रचनेवर काहीच लिहिलं नसेल, तर ‘आणि रचना’ खोडायचं आणि स्वल्पविरामाच्या जागी ‘व’ करायचं. तपासणाऱ्याला मग दोन मुद्द्यांचा पुरा निबंध मिळतो.